नजरअंदाज आणि चौकट

रेल्वेच्या कामासाठी हिंदुस्थानात आलेला, पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचा दीर्घकाळ प्राचार्य झालेला आणि निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पतिसंग्रहात बसून आपल्या साऱ्या टिपणांचा हिशेब पुरा करणारा थिओडोर कुक हा आयरिश अभियंता मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा जो बृहद्ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात खंडशः प्रसिद्ध करून गेला, त्याचे पान कोठेही उघडले तरी एक विसंगती लक्षात येते. वनस्पतीचे वर्णन तपशीलवार असते. पानाची लांबी, केसरांची संख्या, फळाची घडण यांत काही राहून गेलेले नसते. नमुना कोणी व कोठे गोळा केला हेही नमूद असते. आणि एवढ्या काटेकोर मापांच्या शेवटी ती वनस्पती इलाख्यात कितपत आढळते हे सांगण्याची पाळी आली की ‘सामान्य’, ‘विरळ’ असा एखादा मोघम शेरा मारून ग्रंथकार पुढच्या जातीकडे वळतो. फुलातले केसर मोजणारा हा मनुष्य माळावरची झाडे मोजीत नाही. यात कुकचा काही विशेष दोष नव्हे. त्याच्या आधी १८६१ साली ‘बॉम्बे फ्लोरा’ लिहिणाऱ्या डाल्झेल आणि गिब्सन यांनीही हेच केले होते, आणि युरोपातले त्यांचे गुरुबंधूही याहून निराळे काही करीत नव्हते. एखाद्या मुलखात जाती किती, हा प्रश्न तोवर शास्त्रात रुळला होता. प्रत्येक जातीचा त्या मुलखात वाटा किती, हा प्रश्न अजून कोणी गांभीर्याने विचारलेला नव्हता.

मोघम शेऱ्यावर कारभार चालविण्याची ही सवय सरकारी दप्तरात तर फारच खोल मुरलेली होती. पिकाची आणेवारी ठरविताना गावकामगार आणि मामलेदार शेताच्या बांधावर उभे राहून नजर फिरवीत आणि यंदाचे पीक इतके आणे, असा आकडा सांगत. या आकड्यावर सारा वसूल व्हावयाचा की तहकूब व्हावयाचा हे ठरे, म्हणजे सहस्रावधी कुटुंबांचे वर्ष त्या एका नजरेवर टांगलेले असे. १९१८ साली खेडा जिल्ह्यात जो सत्याग्रह झाला, त्याच्या मुळाशी हाच वाद होता: पीक चार आण्यांहून कमी असेल तर वसुली तहकूब करावी असा नियम होता, सरकारी अंमलदारांचा अंदाज चार आण्यांच्या वर जात होता आणि रयतेचा अंदाज खाली येत होता. दोन्ही पक्ष एकाच शेताकडे पाहत होते. दोघांचेही डोळे शाबूत होते. तथापि कोणाचा आकडा खरा हे ठरविण्याचे साधन दोहोंपैकी कोणाच्याही हाती नव्हते, आणि जेथे साधन नसते तेथे ज्याच्या हाती सत्ता त्याचाच अंदाज कागदावर चढतो.

असे असूनही याच दप्तराच्या दुसऱ्या एका कोपऱ्यात एक अधिक शहाणी रीत पूर्वीच येऊन बसली होती, तिचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. प्रिंगल याची जमीनपाहणी फसल्यानंतर १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी नवी पाहणी सुरू केली, तीत प्रतबंदी कामगार शेताचा नकाशा काढून त्यावर आडव्या-उभ्या रेघांनी सारखे भाग पाडी, प्रत्येक भागात जमीन उकरून मातीचा रंग आणि खोली पाही, चुनखडी, वाळू, उतार असे दोष आढळल्यास त्यांच्या खुणा त्या त्या घरात मांडी, आणि या सर्व घरांच्या आण्यांची सरासरी काढून त्या शेताची प्रत ठरवी. पिकाचा अंदाज नजरेने करणाऱ्या याच सरकारने मातीच्या बाबतीत नजरेवर विसंबण्याचे नाकारले होते. वनस्पतींची गणती करण्याच्या चौकटीचा इतिहास सांगणारे लेखक तो अमेरिकेतील नेब्रास्कापासून सांगतात, आणि वनस्पतींपुरते ते बरोबरही आहे. पण जमिनीचे सारखे चौकोन पाडावेत, प्रत्येकात वाकून पाहावे आणि मग सगळ्यांचा मिळून एक निर्णय करावा, हा विचार भीमाकाठच्या मोजणीदारांच्या अंगवळणी त्याच्या साठ वर्षे आधी पडलेला होता. या दोहोंत काही देवाणघेवाण झाली असे मला सुचवावयाचे नाही. डोळ्यावरचा अविश्वास निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे उपजतो, एवढेच.

वनस्पतिशास्त्रात हा अविश्वास सावकाश उपजला. हुंबोल्टने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निरनिराळ्या प्रदेशांतील वनस्पतिकुलांची गुणोत्तरे मांडून आकड्यांची गोडी लावली खरी, पण ते आकडे याद्यांचे होते, रानाचे नव्हते. रानात, किंबहुना अंगणातल्या हिरवळीत, वाकून मोजणारा पहिला थोर मनुष्य म्हणजे डार्विन. तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद अशा खणून साफ केलेल्या तुकड्यात उगवलेल्या प्रत्येक रोपट्यावर त्याने खूण केली, आणि ३५७ पैकी २९५ रोपटी मुख्यतः गोगलगाई व कीटक यांनी फस्त केली असे नमूद करून ठेवले. दुसऱ्या एका, तीन फूट बाय चार फूट हिरवळीच्या तुकड्याची कापणी थांबविल्यावर त्यातील वीस जातींपैकी नऊ जाती इतरांच्या जोरदार वाढीखाली नष्ट झाल्या. जीवनकलहासारखा विराट सिद्धान्त मांडणाऱ्या पुरुषाने त्याचा पुरावा एवढ्याशा जमिनीत शोधावा, ही गोष्ट मला त्या सिद्धान्ताइतकीच विलक्षण वाटते. त्याच सुमारास, १८५६ साली, लॉज आणि गिल्बर्ट यांनी इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथे एका गवती कुरणाचे पट्टे पाडून निरनिराळी खते घालण्यास आरंभ केला. गवताचे उत्पन्न वाढावे एवढाच त्यांचा हेतू होता, परंतु काही वर्षांतच असे दिसून आले की भरपूर नत्रयुक्त खत खाल्लेल्या पट्ट्यांत गवत उदंड आणि जाती मोजक्या, तर बिनखताच्या पट्ट्यांत उत्पन्न बेताचे आणि जाती चाळिसांच्या घरात. तो प्रयोग अद्यापि चालू आहे.

मोजणीला रीतसर शास्त्राचे रूप आले ते मात्र नेब्रास्काच्या गवताळ पठारावर. लिंकन येथील विद्यापीठात चार्ल्स बेसी या प्राध्यापकाभोवती तरुणांचे एक मंडळ जमले होते. त्यात फ्रेडरिक क्लेमेंट्स होता, आणि रोस्को पाउंड हा वकिलीही करणारा आणि वनस्पतिशास्त्राची पदवीही मिळविणारा गृहस्थ होता. १८९८ साली या दोघांनी नेब्रास्काच्या वनस्पतिभूगोलावर ग्रंथ लिहिला, आणि त्या कामाच्या ओघात त्यांच्या असे ध्यानात आले की अफाट माळरानाकडे पाहून कोणती वनस्पती विपुल आणि कोणती विरळ असा जो ग्रह मनात तयार होतो, तो प्रत्यक्ष मोजणीत टिकत नाही. ठसठशीत फुलांची, उंच वाढणारी वनस्पती आहे त्याहून पुष्कळ वाटते. बुटकी, फुलाचा डौल नसलेली वनस्पती डोळ्यांसमोर असून नसल्यासारखी होते. तेव्हा त्यांनी पाच मीटर बाजूचे चौकोन आखले आणि त्यांतली रोपे एकेक करून मोजली. पाउंड पुढे वनस्पतिशास्त्र सोडून कायद्याकडे गेला आणि १९१६ पासून वीस वर्षे हार्वर्डच्या विधिमहाविद्यालयाचा प्रमुख होता. साक्षीदाराने ‘मी पाहिले’ म्हटल्याने बाब शाबीत होत नाही, हे ज्याच्या धंद्याचे पहिले कलम, तो मनुष्य या शास्त्राच्या पायाभरणीस हजर असावा यात मला तरी योगायोग दिसत नाही. क्लेमेंट्सने १९०५ च्या आपल्या संशोधनपद्धतीच्या पुस्तकात चौकटीचे प्रकार सांगितले: केवळ यादीची चौकट, प्रत्येक रोपाची जागा कागदावर उतरविण्याची चौकट, खुंट्या ठोकून वर्षानुवर्षे राखावयाची कायम चौकट, आणि जमीन मुद्दाम उघडी करून तीवर पुन्हा कोण कोण वस्तीला येते हे पाहण्याची चौकट.

चौकट एकदा हाती आल्यावर ती किती मोठी असावी, किती ठिकाणी टाकावी आणि मुख्य म्हणजे कोठे टाकावी, हे तिढे आलेच. डेन्मार्कच्या रौनकियेरने एक दशांश चौरस मीटरचे कडे घेतले आणि त्यात रोपे मोजण्याऐवजी जात हजर की गैरहजर एवढेच टिपले. स्वित्झर्लंडच्या पॉल जाकार्ने १९०१ साली आल्प्सच्या कुरणांची तुलना करण्यासाठी दोन याद्यांतील सामाईक जातींना दोहोंतील एकूण जातींनी भागण्याचे साधे गुणोत्तर काढले. ते आज संगणकशास्त्रात सर्रास वापरले जाते आणि वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्याचे मूळ डोंगरी गवतात आहे हे ठाऊक असते. ओलोफ अर्‍हेनियसने १९२१ साली क्षेत्र वाढले की जाती कोणत्या प्रमाणात वाढतात याचे सूत्र मांडले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या ग्लीसनने मिशिगनच्या रानात घेतलेल्या एक-एक मीटरच्या चौकटींच्या आधारे दाखवून दिले की हे सूत्र लहान तुकड्यावरून मोठ्या मुलखापर्यंत ताणीत नेले तर अशक्य असे आकडे येतात. आणि स्वित्झर्लंडच्याच ब्राउन-ब्लांके याने १९२८ साली, इतक्या सगळ्या मोजणीला जणू कंटाळून, अधिक या चिन्हापासून पाचापर्यंतची एक श्रेणी रूढ केली, जीत अभ्यासकाने चौकटीपाशी उभे राहून प्रत्येक जातीने किती जमीन व्यापली आहे हे नजरेने ठरवावयाचे असते. तीन-चतुर्थांशाहून अधिक व्यापली तर पाच. ही उघड उघड वनस्पतींची आणेवारी होय. ती युरोपभर चालली, अजून चालते, आणि तिच्यात फारसे वावगे आहे असेही नाही, कारण येथे नजर निदान चौकटीच्या आत बांधलेली असते आणि ती फिरविणाऱ्याला प्रत्येक जातीचे नाव ठाऊक असते.

आता पाण्याकडे वळू, कारण शैवालांची गणती ही या इतिहासातील सर्वांत खडतर आणि माझ्या मते सर्वांत बोधप्रद शाखा आहे. कील येथील शरीरशास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन याला समुद्रात मासे किती पोसले जाऊ शकतील हे जाणावयाचे होते, आणि मासे ज्यावर अखेर जगतात ते तरंगते सूक्ष्म जीवन मोजल्यावाचून त्याचे उत्तर मिळणार नव्हते. पिठाच्या गिरण्यांत चाळणीसाठी वापरतात त्या रेशमी कापडाची जाळी करून, ती ठराविक खोलीपासून सरळ वर ओढून, आत सापडलेले जीव सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजण्याची पद्धत त्याने बसविली आणि १८८९ साली ‘नॅशनल’ या जहाजातून अटलांटिकची सफर केली. निष्पन्न असे झाले की हिरवागार वाटणारा उष्ण कटिबंध समुद्राच्या बाबतीत गरीब आणि थंड समुद्र श्रीमंत. प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल याला हे मुळीच रुचले नाही. १८९० साली त्याने हेन्सेनच्या साऱ्या खटाटोपावर कडाडून हल्ला चढविला. त्याचा मुख्य आक्षेप असा की समुद्रातले हे जीवन सारखे पसरलेले नसून थवे आणि प्रवाह यांनी विस्कळित झालेले असते, तेव्हा एका जाळ्यातील आकडा साऱ्या महासागराला लावणे व्यर्थ. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, पण भात ढवळलेला असतो. समुद्र किंवा रान कोणी ढवळून ठेवलेले नसते, आणि हेकेलचा आक्षेप नेमका येथेच बोट ठेवीत होता. त्यावरून त्याने मोजणीच सोडून द्यावी असा जो निष्कर्ष काढला तो मात्र चुकीचा होता. जेथे पसरण विषम असते तेथे एका जाळ्याऐवजी पुष्कळ जाळी टाकावी लागतात आणि आकड्याबरोबर त्याची अनिश्चितताही सांगावी लागते, हे उत्तर देणारे गणित त्या वेळी अजून तयार झालेले नव्हते.

खरी चूक हेकेलच्याही नजरेतून निसटली होती. हान्स लोमान याने अपेंडिक्युलेरिया नावाच्या चिमुकल्या समुद्रजीवांनी आपल्या अंगाभोवती विणलेल्या गाळण्या तपासल्या, तेव्हा हेन्सेनच्या रेशमी जाळीतून आरपार निघून जाणारे असंख्य सूक्ष्म शैवाल त्यांत अडकलेले आढळले. माणसाची चाळणी जाडी होती आणि त्या जीवाची बारीक. वर्षानुवर्षे काळजीपूर्वक मोजलेले आकडे मोठ्या जातींचे तेवढे होते. पुढे १९३१ साली उटरमोल याने पाण्याचा नमुना आयोडीन घालून स्थिर करावा, नळीत निवळू द्यावा आणि तळाशी बसलेला साका उलट्या रचनेच्या सूक्ष्मदर्शकाने खालून पाहावा अशी पद्धत सांगितली, आणि जाळीचा प्रश्न एकदाचा मिटला. गणतीचा मिटला नाही. शैवालात ‘एक’ म्हणजे काय? मायक्रोसिस्टिसच्या एका पुंजक्यात शेकडो पेशी असतात. पुंजका एक धरला तर ती जात तळ्यात नगण्य ठरते, पेशी मोजल्या तर तीच तळ्याची धनीण होते. जमिनीवरही हा पेच सुटलेला नाही: हरळीचे एक झाड कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे ज्याने खुरपे हाती धरले आहे त्याला विचारावे.

वर सांगितलेले गणित रॉथॅमस्टेडला तयार झाले. रॉनाल्ड फिशर १९१९ साली तेथे गेला, आणि दोन दशकांत त्याने शेतीच्या प्रयोगांना संख्याशास्त्राची शिस्त लावली. तिचा गाभा असा की तुकडा कोणता निवडावयाचा हे माणसाच्या मर्जीवर न सोडता यदृच्छेवर सोडावे. पाहणाऱ्याला ‘येथे छान दिसते’ म्हणून चौकट टाकण्याची मुभा दिली की पुढचे सारे हिशेब बिघडले. १९४३ साली फिशरने कॉर्बेट आणि विल्यम्स या दोघा कीटकशास्त्रज्ञांबरोबर एक निबंध लिहिला. मलायातील फुलपाखरे आणि रॉथॅमस्टेडच्या दिव्याच्या सापळ्यात पडलेले पतंग यांचे आकडे त्यात होते, आणि थोड्या जातींचे पुष्कळ नग व पुष्कळ जातींचे एकेकच नग असे जे चित्र दरवेळी दिसते, त्याला गणिती आकार देऊन वैविध्य मोजणारा एक अंक त्यांनी काढला. पतंगांसाठी निघालेला हा अंक विल्यम्सने लवकरच वनस्पतींनाही लावला. १९४९ साली एडवर्ड सिम्प्सन याने ‘नेचर’ मध्ये एक अगदी छोटे टिपण लिहिले: समूहातून यदृच्छेने दोन नग उचलले तर ते एकाच जातीचे निघण्याचा संभव किती, एवढाच त्याचा प्रश्न. युद्धकाळात हा सिम्प्सन ब्लेचली पार्क येथे शत्रूचे गुप्त संदेश उकलण्याच्या कामावर होता. १९४८ चे शॅननचे सूत्र तर टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत संदेशातील अनिश्चितता मोजण्यासाठी निघाले होते. बार्सिलोनाच्या रामोन मार्गालेफ याने, जो स्वतः तरंगत्या शैवालांचा अभ्यासक होता, पुढच्या दशकात ते जीवसमूहांच्या अभ्यासात आणून बसविले. वनस्पतींच्या वैविध्याची दोन सर्वांत प्रचलित मापे सांकेतिक लिपी आणि तारायंत्रे यांच्या सोयऱ्यांनी दिलेली आहेत, हे आमच्या महाविद्यालयांत ती पाठ करणाऱ्या मुलांना कोणी सांगत नाही.

याच मालिकेतला फ्रँक प्रेस्टन हा पेनसिल्व्हेनियातील काचउद्योगाचा तज्ज्ञ. सामान्य आणि विरळ जातींच्या वाटपावर १९४८ साली लिहिताना त्याने एक मार्मिक गोष्ट दाखविली: नमुना लहान असतो तेव्हा सर्वांत विरळ जाती एका पडद्याआड राहतात आणि नमुना मोठा करीत गेले की पडदा हळूहळू मागे सरतो. रूथ पॅट्रिक या बाईंनी त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियातील कोनेस्टोगा नदीची पाहणी केली होती. पुढे त्यांनी प्रवाहात काचपट्ट्या बुडवून ठेवण्याचे उपकरण बनविले, त्यांवर बसणारे डायाटम सहस्रांनी मोजले आणि प्रेस्टनची वक्ररेषा त्यांना लावून पाहिली. स्वच्छ पाण्यात जाती पुष्कळ आणि प्रत्येकीचे नग बेताचे, घाण मिसळलेल्या पाण्यात जाती थोड्या आणि त्यांतल्या एकदोघींचा सुळसुळाट, हा निवाडा त्या काचपट्ट्यांवरून देता येऊ लागला. डायाटमचे कवचही वाळूच्याच द्रव्याचे असते, तेव्हा काचतज्ज्ञाचे गणित त्यांना लागू पडावे हे एका परीने उचितच.

आपल्याकडे काय चालले होते? पुण्याच्या कृषिमहाविद्यालयातील विल्यम बर्न्स आणि त्यांचे सहकारी कुलकर्णी व गोडबोले यांनी १९२० नंतरच्या दशकात दख्खनच्या गवताळ जमिनींचा अभ्यास केला. ब्लॅटर आणि मॅक्कॅन यांचे मुंबई इलाख्यातील गवतांवरचे पुस्तक १९३५ साली निघाले. नावांची बाजू त्यामुळे भक्कम झाली. परंतु नमुनापद्धतीचा खरा आखाडा या देशात रानात नव्हता, शेतात होता. बिहारात हबॅकने १९२० नंतर भाताच्या शेतात लहानशी त्रिकोणी चौकट टाकून उत्पन्नाचा अंदाज केला आणि त्या कामाची वाखाणणी फिशरने केली. मग बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी तागाच्या व भाताच्या मोठ्या नमुनापाहण्या उभारल्या आणि पीककापणीसाठी अगदी लहान वर्तुळे पसंत केली. आणि त्यांच्याशी ज्यांचा खडाजंगी वाद झाला ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले. सुखात्मे यांनी १९४६ साली दाखवून दिले की कापणीचा तुकडा जितका लहान, तितके उत्पन्न फुगलेले येते. कारण साधे आहे. कडेवर उभे असलेले रोप आत धरावयाचे की बाहेर, हा प्रश्न आला की कामगाराचा हात ते आत ओढतो. आणि तुकडा जितका लहान तितका त्याच्या क्षेत्राच्या मानाने परीघ मोठा, म्हणजे तितकी कडेवरची रोपे अधिक. महालनोबीस यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे होते: लहान वर्तुळे स्वस्त पडतात, म्हणून पुष्कळ घेता येतात, आणि तालीम दिलेला कामगार असल्यास हात आवरताही येतो. पण मला हा वाद सुखात्मे यांनी जिंकला असे वाटते, कारण पुष्कळ नमुन्यांनी यादृच्छिक चूक कमी होते. एकाच दिशेने ओढणाऱ्या हाताची चूक हजार नमुने घेतले तरी तशीच राहते. खेडा जिल्ह्यातील चार आण्यांचे भांडण ज्या साधनाअभावी झाले ते साधन तीस वर्षांनी सिद्ध झाले, आणि ते सिद्ध करणाऱ्यांत एक सातारकर होता. रानात एक मीटरची चौकट टाकणारे विद्यार्थी मात्र कडेवरच्या रोपाचे काय करावे हे आजही ज्याच्या त्याच्या मर्जीने ठरवितात.

शैवालांच्या बाबतीत आपला किनारा आणि आपली तळी अगदीच उपेक्षित राहिली असे नाही. बर्गेसेन हा डॅनिश पंडित १९२७-२८ च्या हिवाळ्यात मुंबई, ओखा, द्वारका येथील खडकांवर ओहोटीच्या वेळी हिंडला, आणि मुंबई इलाख्याच्या सागरी शैवालांची पहिली भरवशाची यादी त्याच्या निबंधांतून आपल्याला मिळाली. पुढे एला गोन्साल्व्हिस आणि जोशी यांनी वांद्र्याच्या एका तळ्यातील शैवाले ऋतुमानानुसार कशी बदलतात याचा अभ्यास करून तो १९४६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. यादी करून न थांबता एकाच ठिकाणी पुनःपुन्हा जाऊन पाहणे ही त्या निबंधाची थोरवी. हेमेंद्रकुमार गांधी यांनी १९५७ साली कोल्हापूर परिसरातील डायाटम नोंदविले, कामत यांनी १९६३ साली कोल्हापूरच्या एकंदर शैवालांचा आढावा घेतला. सागरी शैवालांना तर वेळापत्रकाची सक्ती असते: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जेवढे मागे हटते तेवढे भांगाला हटत नाही, त्यामुळे भांगाच्या दिवशी मालवणच्या खडकावर मोजलेल्या जाती आणि उधाणाच्या दिवशी मोजलेल्या जाती यांची तुलना करणारा मनुष्य खडकाचा हिशेब देत नसतो, पंचांगाचा देत असतो.

१९५५ साली पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाची पश्चिम शाखा आली. बनारसच्या रामदेव मिश्र यांनी परिस्थितिविज्ञानाची शिकवण देशभर रुजविली आणि १९६८ च्या त्यांच्या कार्यपुस्तकातून चौकटीची पद्धत महाविद्यालयांत पोहोचली. विस्कॉन्सिनच्या कर्टिस आणि मॅकिन्टॉश यांनी १९५१ साली वृक्षांसाठी सुचविलेला ‘महत्त्वमूल्य निर्देशांक’ आमच्या बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात असा काही स्थिरावला की चार खिळे, सुतळी आणि ‘आय.व्ही.आय.’चा तक्ता हेच वनस्पतिगणनेचे सर्वस्व होऊन बसले. येथे माझी तक्रार आहे. ‘जातिवैविध्य’ ही कल्पनाच अर्थहीन होत चालली आहे असा इशारा हर्लबर्टने १९७१ सालीच दिला होता, आणि तो निर्देशांकांच्या या भाऊगर्दीलाच उद्देशून होता. कासच्या पठारावर साडेआठशेहून अधिक सपुष्प वनस्पती आहेत असे सांगितले जाते, आणि २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भागही आहे. पण तेथे जुलैत टाकलेल्या चौकटीत जे सापडते ते सप्टेंबरात नसते, गेंदाच्या जाती भिंगाखाली फूल आणि बी पाहिल्यावाचून ओळखू येत नाहीत, आणि कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा मधल्या वर्षी आलेल्याला तिच्या जाती वेगळ्या करणे जड जाते. अशा ठिकाणी ज्याला नावे येत नाहीत त्याने काढलेला शॅननचा आकडा दशांश चिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत चुकीचा असतो. नजरेवरचा अविश्वास म्हणून सुरू झालेल्या या शास्त्राला जाणत्या नजरेवाचून एक पाऊलही टाकता येत नाही, आणि ती नजर तयार करण्यात जी वर्षे जातात त्यांना कोणत्याही सूत्राचा पर्याय नाही.

तेव्हा वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्यांस एक विनंती. दरसाल पावसाळ्यात महाराष्ट्रातील महाविद्यालयांची मुले टेकड्यांवर, सड्यांवर, तळ्यांकाठी चौकटी टाकतात, आणि परीक्षा संपली की त्यांच्या वह्या रद्दीत जातात. त्या वह्यांत निदान ठिकाण नकाशावर पुन्हा सापडेल अशा रीतीने लिहून घ्यावे. तारीख, चौकटीचे माप, ती टाकण्याची जागा कशी निवडली आणि कडेवरची रोपे कशी धरली हे लिहून घ्यावे. शंकास्पद प्रत्येक जातीचा एक नमुना दाबून, वाळवून, क्रमांक देऊन विभागाच्या कपाटात ठेवावा, शैवालाचा असल्यास बाटलीत. वह्या नीट बांधून ग्रंथालयात द्याव्यात. गोन्साल्व्हिस आणि जोशी यांच्या तळ्याशी आजच्या कोणत्याही तळ्याची तुलना करता येते ती केवळ त्यांनी हे सारे लिहून छापून ठेवले म्हणून.